मेलेल्या बाईला हात कोण लावतं?

घरात बाई गेली की तिला न्हाऊ कोण घालतं? बायकाच. सवाष्ण असेल तर हिरवं लुगडं नेसवून, कुंकू लावून, ओटी भरून पाठवणाऱ्याही बायकाच. मुसलमान घरात बाईला गुसल बायका देतात. वॉर्डात रोगी दगावला की त्याचे डोळे मिटून, हातपाय सरळ करून चादरीत गुंडाळते ती नर्स. तरीही शवागारात बाईची नेमणूक झाली की सगळे म्हणतात, बायकांचं काळीज नाजूक! फुकट राबताना ते नाजूक नसतं, पगारी जागा आली की होतं.

हे सुचायला कारण आमच्या ओळखीच्या एक बाई. नवरा एका सरकारी रुग्णालयात सफाई कामगार होता, तो वारला. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला जागा मिळते, तशी ती यांना मिळाली. नेमणूक शवागारात. नवऱ्याचे जुने सोबती समजावू लागले, "वहिनी, हे दारूशिवाय होत नाही. वॉर्डात बदली मागून घ्या." एकाने तर विचारलं, "त्या चार दिवसांत काय करणार?" त्यांनी बदली मागितली नाही. पहिल्या आठवड्यात रक्ताचं काही वाटलं नाही म्हणतात, वासाचं वाटलं. तो केसांत बसतो. घरी मागच्या दाराने जाऊन अंघोळ केल्याशिवाय सासू चुलीकडे फिरकू देत नाही. आळीतलं हळदीकुंकवाचं बोलावणं वैधव्याने आधीच बंद झालं होतं, त्यामुळे या नोकरीने त्यात भर काय पडणार, असं त्या हसून सांगतात.

काम नेमकं काय असतं ते आपल्याला ठाऊक असायला हवं. पोलीस पंचनामा करून प्रेत आणतात. ते उतरवायचं, कपडे काढून द्यायचे, हनुवटीपासून खाली छेद घ्यायचा, कवटी उघडायची, सगळं झालं की शिवून, धुऊन नातेवाइकांच्या ताब्यात द्यायचं. कागदावर हे शवविच्छेदन डॉक्टर करतात. कित्येक ठिकाणी प्रत्यक्षात डॉक्टर चार हात लांब उभे राहून लिहितात आणि सुरी चालते ती सफाई कामगाराच्या हातात. त्याला ना प्रशिक्षण, ना धड हातमोजे.

आणि याच टेबलावर आपल्या केसेस उभ्या राहतात किंवा मरतात. जळालेल्या बाईच्या श्वासनळीत काजळी असेल तर आग लागली तेव्हा ती श्वास घेत होती. नसेल तर आधी मारून मग जाळलं का, हे विचारावंच लागतं. गळफासाचा वळ बहुधा तिरका, कानामागे चढत गेलेला असतो. आवळून मारलेलीचा आडवा, गळ्याभोवती फिरलेला. विषाचा संशय असला तर जठर, आतड्याचा, यकृताचा, मूत्रपिंडांचा भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात सीलबंद करून रासायनिक तपासणीला जातो. पुण्यात १९८२ साली मंजुश्री सारडा यांचा मृत्यू सायनाइडने झाला हे व्हिसेराच्या तपासणीतूनच कळलं. पुढे १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या नवऱ्याला निर्दोष सोडलं, तो राग पुण्याच्या बायका अजून विसरलेल्या नाहीत. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईचा संशयास्पद मृत्यू झाला तर शवविच्छेदनासाठी प्रेत पाठवावं, ही तरतूद १९८३ साली कायद्यात आली ती बायका रस्त्यावर उतरल्या म्हणून. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. पण टेबलाशी कोण उभं असावं याकडे आपण लक्षच दिलं नाही.

जिवंत बाईची झडती बाईनेच, सभ्यता राखून घ्यायची, असं कायदा सांगतो. मेली की ही सभ्यता संपते. २०२३ साली कर्नाटक उच्च न्यायालयाला एका खटल्यात प्रेतावरील बलात्काराच्या आरोपातून माणसाला सोडावं लागलं, कारण बलात्काराच्या व्याख्येत प्रेत बसत नाही. न्यायालयाने कायदा बदलायला सुचवलं आणि सरकारी रुग्णालयांच्या शवागारांत कॅमेरे बसवायला सांगितलं. वर्षभराने नवी न्याय संहिता लागू झाली, तिच्यात हा गुन्हा आलाच नाही. कॅमेरे बसवा, जरूर बसवा. पण माझ्या मते कॅमेऱ्यापेक्षा खोलीत दोन माणसं असणं आणि त्यातली एक बाई असणं जास्त उपयोगाचं.

मात्र 'बाईच्या प्रेताला बाई' एवढीच मागणी केली तर घोटाळा होईल. मग तिला बायकांचं प्रेत आलं तेवढ्यापुरतं बोलावतील, रोजंदारीवर ठेवतील आणि कायम जागा पुरुषांच्याच राहतील. दुसरी अडचण अधिक खोल आहे. वारसाहक्काने जागा मिळते हा आधार खरा, पण त्याच वाटेने ठराविक जातींच्या घरात सुरी आणि झाडू पिढ्यान् पिढ्या येत राहतो. बामणाच्या, मराठ्याच्या घरातली बाई या जागेसाठी अर्ज करते का? आपल्या मंडळातल्या किती जणी करतील? 'बाईचा प्रवेश' म्हणून टाळ्या वाजवण्याआधी याचं उत्तर द्यावं लागेल.

तेव्हा मागायचं ते असं: शवागार परिचर हे स्वतंत्र, कायम पद हवं, सफाई कामगाराच्या नावाखाली ते उरकायचं नाही. रुजू होण्याआधी प्रशिक्षण आणि कावीळ ब ची लस. जाड हातमोजे, गमबूट, अंघोळीला गरम पाणी, बायकांसाठी कडी लागणारी वेगळी खोली. आमच्या त्या बाई सध्या कपडे बदलतात ते स्ट्रेचर ठेवायच्या कोनाड्यात, ओढणीचा पडदा करून. जिल्हा शल्यचिकित्सकांना द्यायच्या निवेदनात हा कोनाडा सगळ्यात वर लिहिला आहे.