शाळेचे स्मारक नको, शाळा हवी

पुण्यात दगडूशेठ गणपतीसमोरचा भिडे वाडा डिसेंबर २०२३मध्ये पाडला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८मध्ये मुलींची शाळा काढली ती याच वाड्यात. भाडेकरूंशी वर्षानुवर्षे कोर्टकज्जा चालला, तोवर वाडा ढासळत गेला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर जागा मोकळी झाली. आता तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचे आहे. फुल्यांनी वाड्याची शाळा केली, आपण शाळेचे स्मारक करणार. यात आपण कुठे पुढे गेलो?

फुले इमारतीसाठी थांबले नव्हते. तात्यासाहेब भिड्यांनी जागा दिली, शाळा भरली. पुण्याच्या पेठांना हे नवे नव्हते. विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावाने स्वतःला राहायला बांधला. पेशवाई बुडून तीन वर्षे होतात न होतात तोच, १८२१मध्ये, तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. ती ब्राह्मणांपुरती होती, हे विसरायचे कारण नाही. वाडा उघडला एवढ्याने भागत नाही, कुणाला उघडला ते पाहावे लागते. पुढे पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेवर मुली शिकू लागल्या, आणि ‘हुजूरपागा’ म्हटले की आज कुणाला घोडे आठवत नाहीत.

मी कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. इकडे ‘शाळा’, तिकडे ‘शाले’. शब्द एकच, आणि त्याचा जुना अर्थ नुसता घर, दालन. पाकशाळा, गोशाळा, धर्मशाळा. आत काय चालावे, ते माणसांनी ठरवायचे.

मी राहते त्या बंगळूरच्या के. आर. पुरममध्ये शाळा म्हटले की काचेची नवी इमारत आणि झुलत्या पुलाजवळच्या कोंडीत अडकलेल्या पिवळ्या बसगाड्या. शहराच्या मध्यभागी जुनी वास्तू हाती आली की माणिक्यवेलू मॅन्शनमध्ये कलादालन येते, जुन्या तुरुंगाचे फ्रीडम पार्क होते. दोन्हीकडे मी हौसेने जाते. पण वारसा जपायचा म्हणजे तिकीटखिडकी आणि माहितीफलक, हे ठरवले कुणी?

पेठांत आता मुले कुठे उरलीत, असे विचारणाऱ्यांनी सकाळी मंडईत जावे. भाजी विकणाऱ्यांची, हमालांची मुले कुठे शिकतात, ते विचारावे.

आगीची भीती मात्र खरी आहे. कुंभकोणमच्या शाळेत २००४मध्ये ९४ मुले जळून गेली. सागवानी जिने आणि अरुंद बोळ असलेल्या वाड्यात वर्ग भरवायचे तर दुसरा जिना, पाण्याची सोय, विजेच्या नव्या तारा, सगळे आधी. खर्च होईल. पण संग्रहालय केले तर तो टळतो का? पर्यटक काय जळत नाहीत? मैदानाचा प्रश्न अवघड आहे. शिक्षण हक्क कायदा मैदान मागतो, आणि वाड्याचा चौक म्हणजे मैदान नव्हे. म्हणून प्रत्येक वाड्यात शाळा घाला, असे मी म्हणत नाही. जिथे जवळ पालिकेचे मैदान आहे, तिथून सुरुवात करा.

भिडे वाड्याच्या जागेवर तर जुने लाकूडही उरलेले नाही, बांधायचे ते नवेच आहे. तेव्हा आराखड्यात मुलींसाठी पालिकेच्या शाळेचे वर्ग हवेत: खरे फळे, खरी हजेरी, पगारी शिक्षिका. पाहुण्यांना स्मारक दुपारनंतर दाखवा.