शब्दविचार : ‘लाइक’ म्हणजे केवळ आवडणे?

इंग्रजीच्या प्रारंभीच्या पाठांतच ‘लाइक’ हा शब्द भेटतो. ‘लाइक म्हणजे आवडणे’ एवढा अर्थ पाठ झाला की तो शब्द आपल्याला आला, असा समज होतो. प्रत्यक्षात घर, दुकान आणि परदेशप्रवास या तिन्ही ठिकाणी या लहानशा शब्दामुळे मोठे गैरसमज होऊ शकतात. म्हणून त्याचे मूळ आणि त्याच्या मर्यादा समजून घेणे हिताचे आहे.

प्राचीन इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ ‘रुचणे, संतोष देणे’ असा होता. त्या काळी रुचणारी वस्तू वाक्याचा कर्ता असे आणि ज्याला ती रुचे तो माणूस चतुर्थीत येई. मराठीत आजही हीच रचना आहे. ‘मला चहा आवडतो’, ‘मला भाकरी आवडते’, ‘मला पेढे आवडतात’ या वाक्यांत क्रियापद चहा, भाकरी आणि पेढे यांच्यामागे चालते. ‘मला’ जागचे हलत नाही. पुढे कित्येक शतकांत इंग्रजीची रचना पालटली, माणूस कर्ता झाला आणि ‘आय लाइक टी’ असे वाक्य रूढ झाले.

‘सारखा’ या अर्थाचा ‘लाइक’ही याच कुळातला आहे. त्याच्या मुळाशी ‘देह, आकार’ या अर्थाचा जुना शब्द आहे. ज्याचा आकार समान, तो सारखा. या दोन अर्थांमुळे तीन प्रश्नांची नेहमी गल्लत होते. ‘व्हॉट डझ ही लाइक?’ म्हणजे त्याला काय आवडते? ‘व्हॉट डझ ही लुक लाइक?’ म्हणजे तो दिसायला कसा आहे? आणि ‘व्हॉट इज ही लाइक?’ म्हणजे त्याचा स्वभाव कसा आहे? परदेशातील स्थळाची चौकशी करताना तिसरा प्रश्न विचारला गेला आणि उत्तरात क्रिकेट व संगीत सांगितले गेले, तर विचारणाऱ्याला हवे होते ते कळतच नाही.

‘वुड’ हा शब्द जोडला की अर्थ आणखी बदलतो. ‘डू यू लाइक टी?’ हा सवयीविषयीचा प्रश्न आहे. ‘वुड यू लाइक टी?’ हा आग्रह आहे. पाहुण्याला पहिला प्रश्न विचारून यजमान स्वस्थ बसला, तर पाहुणा चहावाचूनच परत जाईल. दुकानातही हाच भेद आहे. गिऱ्हाईक ‘आय लाइक इट’ म्हणाले, तर माल पसंत पडला एवढेच ठरते. ‘आय वुड लाइक टू बाय इट’ म्हटल्यावर खरेदीची इच्छा प्रकट होते. आवडले आणि घेतले यांतील अंतर पेढीवर बसणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. परभाषेत मात्र ते निसटते.

पत्रव्यवहारात ‘प्रीफर’ हा त्याचा सोबती येतो. ‘वी प्रीफर पेमेंट इन थर्टी डेज’ असे लिहिले, तर तीस दिवसांत पैसे मिळालेले बरे, एवढीच इच्छा व्यक्त होते. देणेकऱ्याने पन्नासाव्या दिवशी पैसे दिले, तर त्याने शब्द मोडला असे म्हणता येणे कठीण. मुदत ही अट असेल, तर ‘मस्ट’ किंवा ‘शॅल’ वापरून ती अट म्हणूनच लिहावी. व्याकरणाचीही एक गोष्ट ध्यानी असावी : दोन नामांची तुलना करताना ‘प्रीफर’नंतर ‘टू’ येतो. ‘आय प्रीफर टी टू कॉफी’ हे शुद्ध; तेथे ‘दॅन’ चालत नाही.

आहाराच्या बाबतीत तर या शब्दाला विशेष जपावे लागते. परदेशातील उपाहारगृहात ‘आय डोन्ट लाइक अनियन’ म्हटले, तर वाढणारा त्याला चवीची नावड समजतो. थोडासा कांदा रश्श्यात असला तर चालेल, असे त्याने मानले तर त्यात त्याचा दोष नाही. ‘आय डोन्ट ईट अनियन, गार्लिक ऑर एनी रूट व्हेजिटेबल’ हे वाक्य नियम सांगते. शिवाय कांदा-लसूण अनेकांना आवडतही असेल. त्याग हा आवडत्या वस्तूचाच खरा. विमानाच्या तिकिटावर भोजनाच्या रकान्याला ‘प्रेफरन्स’ म्हटलेले असते. तेथे ‘व्हीजेएमएल’ हा जैन शाकाहारी भोजनाचा संकेत नोंदवला म्हणजे संदिग्धता उरत नाही.

2009 साली फेसबुकवर ‘लाइक’चा अंगठा आला आणि शब्दाचा अर्थ आणखी पातळ झाला. वाचले, पाहिले, पोहोचले अशा सगळ्यांसाठी तोच अंगठा उमटू लागला. निधनाच्या वार्तेखालीही तो दिसू लागला. 2016 मध्ये दुःख, आश्चर्य, राग यांसाठी वेगळी चिन्हे आली. परंतु शोकाकुल कुटुंबाला लिहिलेल्या दोन ओळींची जागा कोणतेही चिन्ह घेऊ शकत नाही.

सारांश, आवड सांगायची असेल तेथे ‘लाइक’ खुशाल वापरावा. नियम सांगायचा असेल तेथे नियमाचा आणि अट घालायची असेल तेथे अटीचा शब्द योजावा. ऐकणाऱ्याला आपले मन दिसत नाही; त्याला केवळ आपला शब्द ऐकू येतो.