काठी दिली, वाटेचे काय?

'आंधळ्याची काठी' हा शब्दप्रयोग आपण आधार या अर्थी सर्रास करतो. परंतु ज्याच्या हाती ती काठी खरोखरच आहे, त्याला तिचा आधार कितपत मिळतो, याचा विचार क्वचितच होतो. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या डोंगरी मुलखापुरता तरी तो करणे अगत्याचे आहे.

विज्ञानाने या काठीत घडविलेली सुधारणा निःसंशय कौतुकास्पद आहे. दिल्लीच्या आय. आय. टी.त तयार झालेली व २०१४ साली लोकांपुढे आलेली 'स्मार्टकेन' वटवाघळाप्रमाणे कानास ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडते. सुमारे तीन मीटरच्या टापूतील अडथळ्यावर आपटून त्या परतल्या की मूठ थरथरते. खाली झुकलेली फांदी किंवा उभ्या ट्रकची मागची फळी साध्या काठीस कळत नाही. ती येथे कपाळमोक्ष होण्यापूर्वी कळते.

तथापि हे यंत्र गुडघ्याच्या वरच्या अडथळ्यांसाठी आहे. खड्डा, उघडे गटार, रस्त्याची ढासळलेली कड यांची खबर आजही काठीच्या टोकानेच घ्यावी लागते. आणि वाडीवरून एस. टी.च्या थांब्याकडे निघालेल्या माणसाचा धोका समोर असतो त्याहून अधिक पायाखाली असतो. भातखाचरांचे निसरडे बांध, ओढ्यावरचा साकव, घाटरस्त्याची दरीकडील बाजू येथे मूठ थरथरत नाही. शिकलेला हातच उपयोगी पडतो.

हा हात आपोआप तयार होत नाही. युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत रिचर्ड हूवर यांनी १९४४ च्या सुमारास लांब काठीची पद्धत बसविली. पुढचे पाऊल जेथे पडणार ती जागा काठीने आधी तपासावयाची, हे तिचे सूत्र. सांगावयास सोपे, अंगवळणी पडण्यास मात्र शिक्षक हवा व सराव हवा. म्हणून शिबिर भरले, काठ्या वाटल्या, छायाचित्रे निघाली, की कर्तव्य संपले, ही समजूत टाकून दिली पाहिजे. शिक्षकाने गावी जाऊन, त्या माणसाच्या नित्याच्या वाटेवर, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यातही, शिकविले पाहिजे. काठीच्या दुरुस्तीची सोय तालुक्याच्या गावी हवी. थांब्याजवळची गटारे झाकणे व वळणावर कठडे उभारणे, हे तर डोळसांच्याही हिताचे आहे.

विखुरलेल्या वाड्यांतील मोजक्या माणसांसाठी एवढा खर्च कशाला, असे कोणी म्हणेल. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सुगम्यतेच्या बाबतीत शहर व खेडे असा भेद करीत नाही, हे त्यास आमचे उत्तर आहे. शिवाय घरात अडकून पडलेल्या एका माणसाबरोबर त्याला सांभाळणारे दुसरे माणूसही अडकते, हा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. जिल्हा परिषदेने वाटलेल्या काठ्यांची मोजदाद जरूर ठेवावी. परंतु त्यांपैकी किती जण आज एकटे थांब्यापर्यंत जातात, हाही आकडा तिने लोकांपुढे ठेवावा. यशाची खरी कसोटी तीच आहे.