एका शून्याने टाळला अकरावा आकडा

सोलापूर : सोलापुरी चादरीच्या जुन्या बिलावर ०२१७ हा संकेतांक आणि त्यापुढे सात आकडी दूरध्वनी क्रमांक असे. गाव कोणते, हे त्यावरूनच कळे. मोबाईल क्रमांकात शहराला स्थान नाही. त्याचे पहिले आकडे कंपनी आणि दूरसंचार परिमंडळ दाखवीत. ९४२२ म्हणजे महाराष्ट्रातील भारत संचार निगम. मात्र २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक न बदलता कंपनी बदलता येऊ लागली. ३ जुलै २०१५ पासून परिमंडळ बदलले तरी क्रमांक कायम राहू लागला. आता हे आकडे केवळ क्रमांकाचे मूळ सांगतात.

परिमंडळाची सीमा सोलापूरला विशेष जाणवे. मुंबई वगळून महाराष्ट्र आणि गोवा हे एक परिमंडळ, तर कर्नाटक दुसरे. सोलापुरातील स्थिर दूरध्वनीवरून पणजीचा मोबाईल थेट लागे. शेजारच्या विजापूरच्या मोबाईलपुढे मात्र शून्य लावावे लागे. १५ जानेवारी २०२१ रोजी हा भेद संपला. स्थिर दूरध्वनीवरून कोणत्याही मोबाईलपुढे शून्य बंधनकारक झाले.

यामागचे कारण आकड्यांच्या टंचाईत आहे. २००३ च्या राष्ट्रीय क्रमांकन योजनेत ७५ कोटी जोडण्यांची सोय होती. २०२० पर्यंत केवळ मोबाईल जोडण्याच शंभर कोटींच्या वर गेल्या. नऊने सुरू होणारे दहा आकडी क्रमांक शंभर कोटीच होतात. म्हणून आठ, सात आणि सहा या आकड्यांनी सुरू होणारे क्रमांकही द्यावे लागले. त्यातही बंगळूरचा ०८०, अहमदाबादचा ०७९ असे संकेतांक आड येतात.

दूरध्वनी केंद्र आकडे डावीकडून वाचते. सोलापुरातून दोनने सुरू होणारा क्रमांक फिरविला, की ते तो स्थानिक समजते. त्यामुळे त्या आकड्याने मोबाईल क्रमांक देता येत नव्हते. आधी शून्य आले, तर हा घोळ टळतो. या एका बदलाने सुमारे २५४ कोटी नव्या क्रमांकांना वाट मोकळी झाली.

दुसरा मार्ग अकरा आकडी क्रमांकाचा होता. बँकेची नोंद, गॅसची जोडणी, दुकानाची पाटी असे सारेच त्यात बदलावे लागले असते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२० मध्ये तो नाकारला. बहुसंख्य मोबाईलधारकांची गैरसोय टळली; भार पडला तो उरल्यासुरल्या स्थिर दूरध्वनीवर.

हा भार आणखी वाढण्याची चिन्हे आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्राधिकरणाने एका स्थिर दूरध्वनीवरून दुसऱ्यावर बोलतानाही शून्य आणि संकेतांक फिरवावा, अशी शिफारस केली. ती अमलात आल्यास सोलापुरातल्या सोलापुरातही ०२१७ फिरवावे लागेल. शहराची ओळख असलेला संकेतांक त्यामुळे टिकेल, पण परगावाहून नव्हे, तर गल्लीतून गल्लीत बोलतानाही तो लावावा लागेल. दहा आकडी मोबाईल क्रमांक टिकविण्याची किंमत शेवटी ज्येष्ठ नागरिक आणि छोट्या दुकानदारांनाच मोजावी लागणार असेल, तर निदान त्यांना बदलाची पूर्वसूचना पुरेशी आधी आणि मराठीत मिळणे अगत्याचे आहे.