पाया कच्चा, तर पीक कसे?



ऊस विकास विभागाने उसावरच बोलावे, अशी आपल्याकडे रीत आहे. आज ती जरा मोडतो, राग नसावा.

लागणीनंतर पहिल्या तीन-चार महिन्यांत उगवण आणि फुटवे साधले नाहीत, तर पुढे युरियाची पोती ओतूनही टनेज निघत नाही. हे आम्ही दर मेळाव्यात सांगतो, तुम्हालाही पटते. मग पोरांच्या पहिल्या सहा वर्षांचे काय?

मध्यंतरी विरारला पाहुण्यांकडे जाणे झाले. तिथल्या चाळीत भाड्याच्या खोलीत अंगणवाडी भरते. सेविका ताईंच्या मागे वजने, आहारवाटप, लसीकरण, गरोदर बायांच्या भेटी आणि वर मोबाईलवरच्या नोंदी. यातून वेळ उरला तर गाणी-गोष्टी. शेजारच्या इमारतीत फी घेऊन केजीचा वर्ग चालतो, तिथे साडेतीन वर्षांची लेकरे ए-बी-सी-डी गिरवताना दिसली. एकीकडे शिकवायला सवड नाही, दुसरीकडे नको त्या वयात लिहिण्याची घाई. खेळत खेळत शिकणे दोन्हीकडे राहूनच जाते.

नवल असे की, हा धडा देशाला मिळाला तो याच पालघर जिल्ह्यातून. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. 1957 साली काम कोसबाडला नेले. पाड्यावरची पोरे शाळेत येईनात, तेव्हा बायांनी शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. पाने, बिया, शिंपले, खडे हीच साधने. कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र आम्हां पदविकावाल्यांना ठाऊक असते. त्याच टेकडीवरचे हे काम मात्र आम्हांला उशिरा कळले, हे कबूल करतो.

2 ऑक्टोबर 1975 रोजी सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. त्यामुळे आहार आणि लस खेड्यापाड्यांत पोचली, हे नाकारून चालणार नाही. पण सहा सेवांपैकी शिक्षण मागे पडले, कारण वजन आणि आहार वहीत मोजता येतो, गोष्ट मोजता येत नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाला हक्क देतो. तीन ते सहाच्या पोरांसाठी सरकार व्यवस्था 'करू शकेल', एवढेच म्हणतो. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने ही तीन वर्षे शिक्षणाचा पाया म्हणून धरली, हे चांगलेच झाले. मात्र तो पाया घालणारी सेविका मानधनावरच राहिली. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे 2022 साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. बेणे सुधारित आणायचे आणि लागण करणाऱ्याची मजुरी थकवायची, अशातला हा प्रकार.

आता आपल्या दारातले पाहू. वसईकडच्या वीटभट्ट्यांवर मजुरांच्या झोपडीला भोंगा म्हणतात. उसगावच्या विधायक संसदेने 1990 च्या दशकात तिथे भोंगाशाळा चालवल्या. आपल्या फडाकडेच्या कोप्यांतही तीच पोरे आहेत. त्यांचे नाव गावाकडच्या अंगणवाडीच्या पटावर, आणि मूल सहा महिने पाचटात, बैलगाडीखाली. साखर आपली गोड होते, त्यांचा पाया मात्र कच्चा राहतो.

आमच्या मते तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. टोळी नोंदवताना सहा वर्षांखालील मुलांचीही नोंद घ्यावी आणि यादी जवळच्या अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेकडे द्यावी. ज्याच्या रानात टोळी उतरते, त्या सभासदाने सावलीची एक जागा द्यावी. गावच्या अंगणवाडीत गेलात, तर आहाराबरोबर "आज ताई काय शिकवलं?" हेही विचारावे.

सरकारच्या धोरणावर बोट ठेवायचे तर आपलाही फड स्वच्छ हवा. येत्या वार्षिक सभेत हा विषय कोणीतरी मांडावा, ही विनंती.