फुकटची माणसे

विद्यार्थ्यांच्या चित्रपटाला हातभार लावावा काय, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, जरूर लावावा. पण आधी जेवणाचे विचारून घ्यावे. हसू नका, वाचकहो. मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला शाळामास्तर, चार कादंबऱ्या खरडलेला. कलेविषयी बोलण्याचा अधिकार मला नसेल, भुकेविषयी आहे.

गेल्या वैशाखात एका संस्थेची दहाबारा मुले आमच्या गावी आली. एका मजूर बाईच्या जीवनावर त्यांना 15 मिनिटांचा चित्रपट करायचा होता. माझ्या शब्दाखातर गावातल्या एका खऱ्याच मजूर बाईने आपले घर दिले आणि 2 दिवसांची मजुरी बुडवली. मी उन्हात थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून, दारातून आत उजेड परतवीत उभा.

मुले हुशार होती, हे आधीच कबूल करतो. एक मुलगी वही घेऊन बसे. सकाळी घेतलेला तुकडा आणि दुपारी घेतलेला तुकडा पडद्यावर शेजारी शेजारी येणार. म्हणून पदर कोणत्या खांद्यावर होता, कंदील कोठे होता, पेल्यात चहा कोठवर होता, सारे ती टिपून घेई. चहा बोटभर कमी झाला की पुन्हा ओतायचा. अहो, माझ्या कादंबरीत नायिकेच्या साडीचा रंग दोनदा बदलला आहे! ही शिस्त मी त्या पोरीकडून शिकलो. परंतु ज्या बाईच्या चुलीवर तो चहा झाला, तिच्या पोटात सकाळपासून घोटभरही गेला नव्हता. ही नोंद त्या वहीत नव्हती.

मजुरीचे विचारले, तर दिग्दर्शक म्हणाला, "सर, श्रेयनामावलीत मावशींचे नाव टाकू ना!" मावशींना वाचता येत नाही.

यावर आमचे एक साहित्यिक मित्र फाळक्यांचा दाखला देतात. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत, फिल्मला भोकेही पाडीत. कला अशीच उभी राहते म्हणे! राहते ना. पण फाळक्यांनी आपले घर पणाला लावले होते, शेजाऱ्याचे नव्हे. आणि तारामती झालेल्या साळुंक्यांना त्यांनी उपाहारगृहातल्यापेक्षा जास्त पगार दिला होता. तेवढे मात्र हे मित्र सोयीस्कर विसरतात.

मजुरी अखेर मी दिली. उपकार नव्हे, अशाच एका बाईवर कादंबरी लिहून मी मानधन घेतले होते, आणि तिला दिवाळीचा फराळदेखील पाठवला नव्हता.

शेवटी ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाने सर्वांना मिनिटभर गप्प उभे केले. खोलीची शांतताही मुद्रित करावी लागते, हे मला तेव्हाच कळले. मिनिट संपले, मुले सामान आवरू लागली. बाई मात्र चुलीपाशी तशीच उभी. थोड्या वेळाने तिने मला हळूच विचारले,

"गुरुजी, आता बोलू का?"