चुकीच्या भावात सौदा झाला, आता काय?

समजा तुम्ही गिऱ्हाईकाला १,२५० ऐवजी १२५ चा भाव दिला. त्याने पैसे भरले, तुम्ही बिलही दिलं. चूक नंतर लक्षात आली. आता माल द्यायचा की "सॉरी" म्हणायचं? याचा सगळ्यात कडक धडा शेअर बाजार देतो.

५ ऑक्टोबर २०१२ ची सकाळ. एमके ग्लोबल या मुंबईच्या ब्रोकर कंपनीकडून ५९ चुकीच्या ऑर्डरी गेल्या. साडेसहाशे कोटींच्या वर सौदे झाले. निफ्टी क्षणात १५ टक्क्यांहून जास्त आपटला, ट्रेडिंग थांबलं. मग सौदे रद्द झाले का? नाही. बीकेसीतल्या एनएसईने ते कायम ठेवले.

कठोर वाटतं ना? मला ते बरोबर वाटतं. ज्याने स्वस्तात शेअर घेतला, त्याने स्क्रीनवरचा भाव पाहून घेतला. त्याने तो पुढे विकलाही असेल. तुमच्या चुकीचं बिल त्याने का भरायचं?

पण बाजाराने दार पूर्ण बंद केलेलं नाही. २०११ च्या दिवाळीत मुहूर्त ट्रेडिंगमध्ये गडबड झाली, तेव्हा बीएसईने फ्युचर्समधले सौदे रद्द केले होते. म्हणजे एकदा हो, एकदा नाही. अशाने विश्वास जातो. म्हणून जुलै २०१५ मध्ये सेबीने नियमच केला: सौदा झाल्यापासून ३० मिनिटांत अर्ज करा, एक्स्चेंजला वाटलं तर फार तर ६० मिनिटं. सोबत सौद्याच्या रकमेच्या ५ टक्के फी, कमीत कमी १ लाख, जास्तीत जास्त १० लाख. उगाच कोणी अर्ज करणार नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, २०१२ च्या डिसेंबरमध्येच सेबीने चूक आत येण्याआधी अडवायची सोय केली. १० कोटींपेक्षा मोठी एक ऑर्डर नेहमीच्या बाजारात घ्यायचीच नाही.

आता आपलं दुकान. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २२ सांगतं की फक्त एकाच बाजूची चूक झाली, एवढ्यावरून करार मोडता येत नाही. त्यामुळे "चुकून लिहिलं" हे कारण नेहमी चालेलच असं समजू नका.

माझं मत सरळ आहे. नुकसान झेपण्यासारखं असेल तर शब्द पाळा. बोरिवली असो की घाटकोपर, बोलून फिरणारा दुकानदार ही बातमी सोसायटीच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत पोचते. नुकसान झेपत नसेल तर त्याच तासात फोन करा, पूर्ण पैसे परत द्या. माल पोचल्यावर भांडू नका.

आणि आजच तीन गोष्टी करा:
१. कोटेशनवर "भाव किती दिवस लागू" ते लिहा.
२. ठरावीक रकमेवरचं बिल दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय जाऊ देऊ नका.
३. चूक झाली तर काय करायचं, ते स्टाफला आधीच सांगून ठेवा.

नियम चूक होण्याआधी केला तर तो नियम. नंतर केला तर गिऱ्हाईकाला ती पळवाटच वाटते.